तीन वर्षांची ‘शक्ती’

निगडीकडे जाणाऱ्या बसमध्ये नुसतं ‘शक्ती’ म्हटलं, तरी कंडक्टर न विचारता शेवटच्या स्टॉपचं तिकीट देईल. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शब्द एकटा फिरतच नाही, त्याच्या आधी ‘भक्ती’ लागते. भक्ती-शक्ती उद्यानातलं शिल्प आहे ते तुकोबा आणि शिवाजी महाराजांच्या भेटीचं. दोघांची वाट वेगळी, काम वेगळं. शिल्पकाराने घडवला आहे तो त्यांच्या भेटीचा क्षण.

भारतीय कलावंतांची ज्यात खरी भागीदारी होती अशा जगातल्या पहिल्या मोठ्या ‘सुपरग्रुप’चं नावही ‘शक्ती’च होतं. त्यात एक माहीमचा मुलगा होता. १९७५ मध्ये हा बँड जगासमोर आला आणि १९७८ उजाडेपर्यंत विखुरलाही.

‘सुपरग्रुप’ म्हणजे वेगवेगळ्या बँडांत नाव कमावलेल्यांनी आपापलं बिऱ्हाड मोडून एकत्र मांडलेला नवा संसार. लंडनचा ‘क्रीम’ १९६६ साली जमला आणि १९६८ साली मोडला, तेव्हापासून या प्रकाराला अल्पायुष्याचा शापच लागला असावा. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये तर फारच. वीस-वीस मिनिटांच्या रचना, सात किंवा अकरा मात्रांची वळणं आणि प्रत्येक वादक उस्ताद, असा तो मामला. ‘यूके’ नावाचा बँड १९७७ साली उभा राहिला. जॉन वेटन, बिल ब्रूफर्ड, एडी जॉब्सन, अ‍ॅलन होल्ड्सवर्थ अशी चार वजनदार नावं. पहिल्या अल्बमनंतर होल्ड्सवर्थ आणि ब्रूफर्ड बाहेर पडले आणि १९८० साली दुकानच बंद झालं. ‘यस’चा स्टीव्ह हाऊ आणि ‘जेनेसिस’चा स्टीव्ह हॅकेट या दोन गिटारवाल्यांनी १९८५ मध्ये ‘जीटीआर’ काढला. स्टुडिओत गिटारच्या चॅनेलवर जी तीन अक्षरं लिहितात, तेच बँडचं नाव. एक स्टुडिओ अल्बम झाला आणि विषय संपला.

काटेकोर वाचक म्हणेल की ‘शक्ती’ रॉक बँड नव्हताच. बरोबर आहे, त्यात ना ड्रम होते ना विजेची गिटार. पण तिची मुळं रॉकच्याच मातीत होती, आणि ती माहीमपासून शोधता येतात.

झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१चा. शाळा माहीमची सेंट मायकेल, पुढे सेंट झेवियर्स कॉलेज. वडील उस्ताद अल्लारखा. १९६९ साली वुडस्टॉकला पंडित रविशंकर वाजवायला बसले, तेव्हा तबल्यावर अल्लारखा होते. म्हणजे रॉकच्या सर्वांत गाजलेल्या जत्रेत या घरातला तबला आधीच पोहोचला होता. मुलगा विशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेला गेला आणि कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत विद्यालयाशी जोडला गेला. तिथे सरोदवादक आशिष खाँ यांच्यासोबत तो ‘शांती’ नावाच्या चक्क रॉक बँडमध्ये सामील झाला. गिटार, बास, ड्रम आणि त्यांच्या शेजारी सरोद-तबला. अटलांटिक कंपनीने १९७१ साली त्यांचा अल्बम काढला. तो फारसा चालला नाही, बँडही टिकला नाही. आज तो ऐकताना दोन संगीतं एका खोलीत बसून शिष्टाचाराने एकमेकांना जागा देताहेत असं वाटतं. मिसळणं अजून व्हायचं होतं.

दुसरी वाट यॉर्कशरच्या जॉन मॅक्लॉफ्लिनची. १९६३ साली तो ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्याबरोबर वाजवत होता. पुढे ‘क्रीम’ उभारणाऱ्यांपैकी दोघे हेच. मग न्यूयॉर्क आणि माइल्स डेव्हिसबरोबरची रेकॉर्डिंगं. १९७१ मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला, नाव दिलं होतं त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी. दोन गळ्यांची गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज आणि मोजता मोजता बोटं संपतील असे ताल. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले वचकून असायचे अशी ही मंडळी. मूळ संच १९७३ अखेर भांडणांत फुटला. तोवर मॅक्लॉफ्लिनच्या डोक्यात भारतीय संगीत शिरलेलं होतं. वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकत होता आणि तिथेच त्याला तरुण व्हायोलिनवादक एल. शंकर भेटला. झाकीरबरोबर मॅक्लॉफ्लिन अली अकबर खाँ यांच्या घरी वाजवायला बसला होता. दोघांचं सूत तिथेच जुळलं.

५ जुलै १९७५. न्यूयॉर्कजवळच्या साउथॅम्प्टन कॉलेजात कार्यक्रम. ज्याच्या आवाजाने सभागृहं हादरायची तो गिटारवाला मंचावर मांडी घालून बसला, मांडीवर बिनविजेची लाकडी गिटार. एका बाजूला तबला, दुसरीकडे व्हायोलिन, घटम आणि मृदंगम. पहिला अल्बम याच मैफलीचा, तो १९७६ मध्ये आला. त्यात रचना तीनच, त्यातली एक जवळजवळ अर्ध्या तासाची आणि तिचं शीर्षक एखाद्या आरतीएवढं लांब.

ती गिटार नीट पाहण्यासारखी आहे. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या एब्राहम वेक्टर या कारागिराने ती खास बनवली होती. नेहमीच्या सहा तारांखाली तिरक्या बसवलेल्या सात जादा तारा, म्हणजे आपल्या सतारीच्या तरफा. शिवाय पडद्यांमधलं लाकूड खोदून खोलगट केलेलं. गिटारची तार पडद्यावर सपाट दाबली जाते, त्यामुळे मींड काढताना बोट लाकडाला घासतं आणि सूर अडतो. खालचं लाकूडच काढून टाकल्यावर तार हवेत दाबता आणि ओढता येऊ लागली. राग वाजवायचा तर वाद्याची शरीररचनाच बदलावी लागते, हे मॅक्लॉफ्लिनला कळलं होतं. त्या काळात सतार हाती धरून फोटो काढणारे रॉकवाले पुष्कळ होते. त्यांच्यात आणि त्याच्यात फरक होता तो इथे.

दुसरा फरक मात्र आपल्याच घरातला, आणि तो आपल्याकडे कमी सांगितला जातो. ‘शक्ती’त पूर्व-पश्चिम भेटले हे खरंच, पण त्याहून अवघड भेट उत्तर-दक्षिणेची होती. झाकीर पंजाब घराण्याचा तबलिया. टी. एच. विनायकराम मद्रासचे, पोटाशी मातीचा घट धरून त्याचं तोंड कमी-जास्त दाबत खर्ज घुमवणारे. एकाची तिहाई, दुसऱ्याचा कोर्वै. तिहाईत तोच तुकडा तीनदा येऊन समेवर पडतो. कोर्वैत आकृती पायरीपायरीने वाढते किंवा आक्रसते आणि शेवटी हिशेब चुकता होतो. दोन्हीकडे गणित पक्कं, पण मोजण्याची सवय निराळी. हिंदुस्तानी तबलिया ठेक्याच्या घरात राहून खेळतो. कर्नाटकी वादक ठेका धरून बसत नाही, गायकाच्या ओळीला चिकटून चालतो. त्या काळी मुंबईतल्या तबलियाला आणि मद्रासच्या घटमवाल्याला एका मंचावर रोज शेजारी बसायचं कारणच नव्हतं. ते मिळालं परदेशात, एका इंग्रज गिटारवाल्यामुळे. तिथे दोघांनी एकमेकांचे बोल तोंडाने म्हणत शिकून घेतले. कीर्तनात पखवाजाचे बोल ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ते सवाल-जवाब लगेच ओळखीचे वाटतात, भाषा तमिळ वळणाची असली तरी.

१९७६ मध्ये ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’, १९७७ मध्ये ‘नॅचरल एलिमेंट्स’. मृदंगमवाले रामनाड राघवन पहिल्या अल्बमनंतर दिसत नाहीत, उरले चौघे. तिसऱ्या अल्बममध्ये रचना आठ, प्रत्येक आटोपशीर. पहिल्यात तीन आणि तिसऱ्यात आठ, या आकड्यांतच कंपनीची इच्छा वाचता येते. कोलंबियाने ‘महाविष्णू’च्या वादळाशी करार केला होता आणि आता तिच्या हाती पडत होती मांडी घालून बसलेली चार माणसं. खपाचे आकडे जुन्या बँडच्या जवळ जाण्यासारखे नव्हते. विनायकराम यांना मद्रासला परतून वडिलांनी सुरू केलेलं तालवाद्य विद्यालय सांभाळायचं होतं. १९७८ मध्ये मॅक्लॉफ्लिनचा नवा अल्बम आला, ‘इलेक्ट्रिक गिटारिस्ट’. नावातच निरोप होता.

याच वर्षांत महाराष्ट्रात काय वाजत होतं? चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली की आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत अशी स्टेशनं मागे टाकत मळवली येतं. भाजे-कार्ल्याला जाणारे तिथे उतरतात. १९७१ साली याच मळवलीत ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक महोत्सव भरला होता, आपल्याकडचा वुडस्टॉक म्हणूनच तो ओळखला गेला. मुंबईत सिगारेट कंपनीच्या पैशावर ‘सिमला बीट’ स्पर्धा व्हायच्या आणि १९७० व ७१च्या विजेत्यांच्या तबकड्याही निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवून गेले. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन ७७’ हा एकुलता अल्बम बँड सरल्यावर बाजारात आला, आणि आज जगभरचे संग्राहक त्याच्या मूळ प्रती शोधत फिरतात.

या मंडळींत अस्सल मराठी घरातलं नाव नंदू भेंडे यांचं. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा ‘व्हेल्व्हेट फॉग’ नावाच्या रॉक बँडमध्ये गायचा. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडास गाजवला. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यातल्या संगीताला नंदू भेंडेंचं रॉकचं अंग होतं. ‘शक्ती’ मोडली त्याच वर्षी पुण्यात तमाशा आणि रॉक एका नाटकात नांदत होते, हा योग लक्षात ठेवावा असा. २०१४ साली भेंडे गेले, तेव्हा अनेकांना आठवलं ते ‘डिस्को डान्सर’मधलं त्यांचं गाणं. बँडचे दिवस आठवणारे थोडे.

‘शक्ती’ मोडली असं पाश्चात्त्य संगीताचे इतिहासकार लिहितात, कारण त्यांच्याकडे बँड म्हणजे पेढी. नाव, करार, दरवर्षी एक अल्बम. झाकीर किंवा विनायकराम यांच्या हिशेबात मात्र मोडण्यासारखं फारसं नव्हतं. आपल्याकडे गायक एक, तबलिया दुसरा, पेटीवाला तिसरा. आज हा त्याच्याबरोबर, उद्या भलत्याबरोबर. जुगलबंदी एका रात्रीची असते आणि पहाटे भैरवी झाली म्हणून कुणी तिला फुटली म्हणत नाही. चौघे आपापल्या मैफलींना निघून गेले, इतकंच. म्हणूनच परत बसायलाही कुणाचा मानापमान आड आला नाही.

मधल्या काळात मॅक्लॉफ्लिनच्या शेजारी दुसरा मुंबईकर येऊन बसला होता. त्रिलोक गुर्टू, बेळगावात जन्मलेल्या ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू यांचा मुलगा. तबला आणि ड्रम एकत्र मांडून, गुडघे टेकून जमिनीलगत बसायचं आणि घणघणती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर वाकवायचा, ही त्याची खासियत. १९८८च्या ‘उस्फ्रेट’ या अल्बममध्ये त्याने आईलाच गायला बसवलं. आई ठुमरी अंगाने गाते आहे, बाजूला बास गिटार आणि ट्रम्पेट. आपल्या मते या सगळ्या वंशावळीतलं हे सर्वांत धाडसी काम, आणि मराठी घरांत सर्वांत कमी ऐकलेलं.

मग २०००च्या सुमाराला बिल लॅसवेल या अमेरिकन बासवादकाने तबल्याचाच सुपरग्रुप केला, ‘तबला बीट सायन्स’. झाकीर, त्रिलोक, तालविन सिंग, सारंगीवर उस्ताद सुलतान खाँ आणि कर्ष काळे. काळे हा मराठी कुटुंबातला, इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर वाढलेला. ‘ताला मॅट्रिक्स’ हा स्टुडिओ अल्बम, सॅन फ्रान्सिस्कोच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आणि मग पुन्हा सगळे आपापल्या वाटेला.

‘रिमेंबर शक्ती’ या नावाने जुनी बैठक १९९७ मध्ये परत मांडली गेली. पुढे मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले आणि विनायकराम यांच्या जागी कंजिरा घेऊन त्यांचा मुलगा सेल्वगणेश बसला. गळा नव्हता तो चेंबूरच्या शंकर महादेवनने दिला. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला हा गायक मॅक्लॉफ्लिनच्या गिटारला सरगमने उत्तर देऊ लागला. २०१४ मध्ये यू. श्रीनिवास पंचेचाळिशीतच गेले आणि बैठक थांबली.

२०२३ मध्ये ‘धिस मोमेंट’ आला. १९७७ नंतर ‘शक्ती’ या नावाचा हा पहिला स्टुडिओ अल्बम, मध्ये शेहेचाळीस वर्षं. महामारीमुळे मंडळींनी आपापल्या ठिकाणी बसून वाजवलं आणि तुकडे एकमेकांना पाठवले. मांडीला मांडी लावून सुरू झालेला बँड शेवटी निरनिराळ्या खोल्यांत बसून रेकॉर्ड झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. कोलंबियाला विकता न आलेल्या नावाला हे पहिलंच. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले.