भरती, तिथी आणि वारा : गोमंतकीय किनाऱ्यावर मासेमारीच्या फेरीचे नियोजन

गोव्याची किनारपट्टी जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास असली, तरी तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग अशा नद्यांची मुखे तिने आपल्यात सामावून घेतली आहेत. त्यामुळे गोमंतकीय मासेमारीला दोन अंगे लाभली आहेत. एक उघड्या दर्यावरची, दुसरी खाडी आणि खाजनांतली. या दोन्ही ठिकाणी होडी केव्हा पाण्यात घालावी आणि मुख्य म्हणजे केव्हा परतावे, हे तीन गोष्टींवर ठरते : भरती-ओहोटीची वेळ, चंद्राची कला आणि हवामान. या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नाही. भरतीची वेळ वर्षभर आधी गणिताने सांगता येते. चांदण्याचा हिशेब पंचांगात मिळतो. हवामानाचा अंदाज मात्र काही दिवसांपुरताच असतो आणि तो बदलतो. म्हणूनच पहिल्या दोन गोष्टींवरून फेरीची वेळ ठरवावी आणि फेरी करायची की नाही हे तिसरीवर सोपवावे, हाच नियोजनाचा मूळ नियम होय.

उधाण आणि भांग

चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते व उतरते. गोव्याच्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. म्हणजेच आजची भरती उद्या साधारण ५० मिनिटे उशिरा येते. दिवसातील दोन भरत्या समान उंचीच्या नसतात. एक मोठी, दुसरी लहान असते. त्यामुळे सकाळच्या भरतीत ज्या वाळूच्या पट्ट्यावरून होडी सहज गेली, त्याच पट्ट्यावर ती रात्रीच्या भरतीत टेकू शकते.

अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य व पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. हे उधाण. त्याचा जोर प्रत्यक्षात तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. अष्टमीच्या सुमारास दोन्ही आकर्षणे काटकोनात येतात आणि चढउतार मंदावतो. ही भांगाची भरती. मुरगाव येथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटरपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत तो त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. फरक दोन मीटरचा असेल, तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला सुमारे ५० सेंटीमीटर वाढते, पहिल्या व शेवटच्या तासांत केवळ १७ सेंटीमीटरच्या आसपास. ओहोटीलाही हाच क्रम लागू पडतो. प्रवाह सर्वाधिक जोरात कधी असेल, हे यावरून ओळखता येते.

तिथीवरून वेळ

कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला बऱ्यापैकी लागू पडतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने गोव्यात भरती मुंबईच्या आधी, साधारण तासभर आधी, येते. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला मुरगावला पूर्ण भरती सकाळी व रात्री अकराच्या आसपास, तर अष्टमीला पहाटे व संध्याकाळी पाचच्या आसपास असते, असे धरता येते.

ठोकताळा दिवस निवडण्यापुरता पुरेसा आहे. नदीचे मुख ओलांडण्यासाठी मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. त्यात मुरगाव बंदराच्या वेळा आणि मीटरमधील उंची दिलेली असते. ती उंची नकाशातील आधारपातळीपासून मोजलेली असते. पाण्याची प्रत्यक्ष खोली मिळवण्यासाठी नकाशातील खोलीत ती मिळवावी लागते. मांडवी व जुवारीत भरतीचा परिणाम मुखापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत जाणवतो आणि आत जाऊ तशी भरती उशिरा पोहोचते. पाणी चढायचे थांबले आणि प्रवाह उलटला, या दोन घटना खाडीत नेमक्या एकाच क्षणी घडतीलच असेही नाही.

मासळी आणि पाण्याचा ओघ

मासळी पाण्याच्या स्थितीपेक्षा त्याच्या हालचालीला अधिक प्रतिसाद देते. भरतीसोबत लहान मासे व कोळंबी खाडीत, खारफुटीच्या मुळांत शिरतात. ओहोटीत ती बाहेर ओढली जातात आणि चणक, तांबोशीसारखे शिकारी मासे अरुंद तोंडापाशी दबा धरून असतात. पूल, धक्के किंवा खडकांवरून गरी टाकणारे भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास पसंत करतात, त्यामागे हेच कारण आहे. पाणी पूर्ण थांबल्यावर गरीला प्रतिसाद सहसा मंदावतो.

खाजनांतील मानशीचा वापर हा याच तत्त्वाचा सर्वांत जुना आविष्कार म्हणावा लागेल. भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ही लाकडी दारे शेतजमिनीला खाऱ्या पाण्यापासून वाचवतात. ओहोटीच्या वेळी त्यांच्या तोंडाशी जाळे लावले की बाहेर पडणारी मासळी हाती लागते. उधाणाच्या दिवसांत आत-बाहेर होणारे पाणी अधिक, म्हणून मासळीही अधिक मिळण्याची शक्यता असते.

तिसऱ्या, खुबे वेचणाऱ्यांना उधाणाची ओहोटी हवी असते, कारण तेव्हाच एरवी पाण्याखाली राहणारे पट्टे उघडे पडतात. रापण ओढणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. उधाणाच्या ओघात लांब जाळे एका बाजूला ओढले जाते आणि अधिक मनुष्यबळ लागते. त्यांना संथ पाणी आणि किनाऱ्याजवळ आलेला बांगडा किंवा तारली हवी असते. एकच दिवस सर्वांना अनुकूल नसतो. आधी पद्धत, मग तिथी, असा क्रम ठेवावा लागतो.

चांदणे आणि काळोख

चंद्राचा दुसरा प्रभाव प्रकाशाचा. काळोख्या रात्री जाळे माशांना कमी दिसते. शिवाय पाण्यातील सूक्ष्म जीव हालचालीने चमकतात, त्यामुळे बांगडा-तारलीचे थवे अनुभवी डोळ्यांना ओळखता येतात. शुक्ल अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे काळोख उत्तररात्री मिळतो. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे काळोख पूर्वरात्री मिळतो. हा काळोख कृत्रिम प्रखर प्रकाशाने भेदून मासळी एकत्र आणण्याचा मार्ग मात्र बेकायदा आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे.

अमावास्येला खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ, असा समज किनाऱ्यावर सर्वत्र आढळतो. खेकड्याचा पोकळपणा हा कात टाकण्याशी निगडित असतो. नुकतीच कात टाकलेल्या खेकड्याचे कवच मऊ आणि मांस कमी असते. म्हणून तिथीवर विसंबण्यापेक्षा कवच दाबून पाहणे अधिक भरवशाचे. भ्रमणध्वनीवरील काही उपयोजने चंद्रस्थितीवरून ‘मासे लागण्याची वेळ’ सांगतात. त्या वेळांकडे सूचना म्हणून पाहावे, हमी म्हणून नव्हे.

वारा, लाटा आणि नदीचे मुख

पावसाळा सरल्यावर किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. शिडाच्या होड्यांच्या काळात मतलईवर बाहेर पडून खाऱ्या वाऱ्यावर परतण्याची रीत यातूनच आली. यंत्र आले तरी वाऱ्याचा क्रम बदललेला नाही. विशेषतः हिवाळा व उन्हाळ्यात दुपारनंतरचा वायव्य वारा अल्पावधीत समुद्र खवळवतो.

आता भरतीचे वेळापत्रक या वाऱ्यावर ठेवून पाहावे. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती अकराच्या सुमारास संपते. म्हणजे दुपारी एक ते चार या वेळेत ओहोटी सर्वाधिक जोरात असते आणि नेमका तेव्हाच खारा वारा वाढलेला असतो. नदीतून बाहेर धावणारे पाणी आणि समुद्राकडून येणाऱ्या लाटा समोरासमोर भिडतात. लाटा आखूड, उभ्या होतात आणि उथळ दांड्यावर फुटतात. मांडवीच्या तोंडावरील आग्वादचा दांडा पावसाळ्यात जलवाहतुकीला अडवतो, तर साळ नदीच्या मुखावरील वाळू बेतुल-कुटबणच्या नौकांना सतावते. खोल समुद्रात सुखरूप राहिलेली होडी अशा मुखावर, घर दिसत असताना, उलटू शकते. म्हणून उधाणाच्या दिवशी पहाटे निघून अकराच्या आत, भरतीच्या पाण्यावर मुख ओलांडणे शहाणपणाचे. तेवढ्यात परतणे शक्य नसेल, तर ओहोटीचा जोर सरेपर्यंत बाहेर थांबावे. अष्टमीच्या सुमारास दुपारी पाणी उतरलेले असले तरी ओघ सौम्य असतो. तेव्हा काळजी प्रवाहापेक्षा उथळपणाची आणि वाऱ्याची करावी.

स्थानिक वारा शांत असतानाही मोठ्या लाटा येऊ शकतात. डिसेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाकडील ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या लाटाही हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. अशा लाटांमधले अंतर मोठे असते, खोल पाण्यात त्या जाणवत नाहीत आणि दांड्यावर अचानक उंच होतात. लाटांच्या अंदाजात उंचीसोबत कालावधीही पाहावा तो यासाठी. दोन लाटांमध्ये पंधरा सेकंद किंवा अधिक अंतर असेल, तर उंची कमी दिसत असूनही मुखाशी सावध राहावे.

हे घटक एकत्र आल्यावर काय घडते, हे डिसेंबर २०१७ मध्ये दिसले. ओखी चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यावर धडकले नव्हते. ते अरबी समुद्रातून दूरवरून गुजरातच्या दिशेने जात होते. परंतु ३ डिसेंबरला पौर्णिमा होती आणि चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. उधाणाच्या पाण्यावर वादळाच्या लाटा चढल्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर पाणी शॅकपर्यंत घुसले. त्याच वादळाने त्याआधी केरळ व तामिळनाडूच्या अनेक मच्छीमारांचे बळी घेतले होते. भरतीच्या कोष्टकात यातले काहीच नव्हते, कारण कोष्टक वादळ जाणत नाही. वातावरणाचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर वाढते, त्यात वाऱ्याने लोटलेले पाणी वेगळेच.

इशारे कुठे पाहावेत

भारतीय हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज, हे दोन्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा निघताना पाहावेत. इन्कॉइस समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचीही माहिती देते. ते क्षेत्र मासळी कुठे असेल हे सांगते. तिथे जाणे सुरक्षित आहे की नाही, हे लाटांच्या अंदाजातच पाहायचे असते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तर सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका प्रत्यक्ष त्या बंदरालाच आहे असा त्याचा अर्थ होतो.

चक्रीवादळांचा धोका मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अधिक असतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. माशांच्या प्रजननाला उसंत देणारी ही बंदी खवळलेल्या दर्यापासून माणसांनाही वाचवते. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो अशी श्रद्धा असली, तरी तो सण ऋतू पालटल्याची खूण आहे. पौर्णिमा असल्याने त्या दिवशी उधाणच असते आणि पाऊसही पूर्णपणे सरलेला नसतो.

नियोजनाचा क्रम

फेरीचा आराखडा परतीपासून मागे आखावा. प्रथम नदीचे मुख कोणत्या पाण्यावर ओलांडायचे ती वेळ निश्चित करावी. तिच्यातून परतीच्या प्रवासाचा वेळ आणि यंत्र बिघडल्यास लागणारा जादा वेळ वजा करावा. उरलेल्या अवधीत जाळे किती वेळ टाकता येईल ते पाहावे. त्यानंतर वारा, लाटांची उंची व कालावधी तपासावा. यांपैकी एकही गोष्ट प्रतिकूल असेल, तर दिवस बदलावा. समुद्रात असताना वारा अचानक पडणे, क्षितिजावर काळा पट्टा उठणे किंवा लाटांची दिशा बदलणे, या खुणा दिसल्यास अंदाज काहीही सांगत असला तरी परतावे.

निघताना किती जण, कोणत्या दिशेने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे किनाऱ्यावरील एका व्यक्तीला सांगून ठेवावे. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे, ते होडीच्या तळाशी ठेवलेले नसावे. ठरलेली वेळ टळली तर किनाऱ्यावरच्या व्यक्तीने वाट पाहत न बसता तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे.