लिव्हरचं डायलिसिस का नाही?

किडनी बंद पडली तर माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगू शकतो. मग लिव्हर बंद पडलं तर? त्याचं मशीन कुठंय? आज मला त्याचाच इतिहास सांगायचाय.

किडनीचं मशीन तसं लवकर आलं. १९४३ साली, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, विलेम कोल्फ या डॉक्टरनं सॉसेजच्या पातळ आवरणातून रक्त फिरवून ते साफ केलं. पण किडनी ही मुख्यतः गाळणी. लिव्हर म्हणजे अख्खा कारखाना. रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, साखर साठवणं, अमोनियाचा युरिया करणं, सगळं तिथंच. त्यात बरीच विषारी द्रव्यं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेली असतात. साध्या डायलिसिसनं ती निघत नाहीत.

म्हणून लोकांनी काय काय करून पाहिलं! १९६५ मध्ये अमेरिकेत बेन आइसमन यांनी रुग्णाचं रक्त शरीराबाहेर ठेवलेल्या डुकराच्या लिव्हरमधून फिरवलं. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ते कोळशातून गाळू लागले. रुग्ण वाचत होते, आशा वाढली. पण १९८८ मध्ये त्याच टीमनं काहींना कोळसा आणि काहींना नुसती आयसीयूतली देखभाल देऊन तुलना केली. फरक पडलाच नाही! म्हणजे जीव वाचवत होती ती चांगली देखभाल. आपल्याच मशीनचा असा निकाल त्यांनी जगासमोर ठेवला, मला हे फार मोठं वाटतं.

नंतर जर्मनीत रोस्टॉकला 'मार्स' आलं. यात पडद्यापलीकडे अल्ब्युमिन ठेवतात, ते विष ओढून घेतं. गुंगी उतरते, कावीळ कमी होते. पण २०१३ च्या मोठ्या युरोपीय चाचणीत त्यानं जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. २०१६ मध्ये मात्र अचानक लिव्हर निकामी झालेल्या १८२ रुग्णांच्या चाचणीत चांगली बातमी आली. तीन दिवस प्लाझ्मा बदललेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के वाचून घरी गेले, इतरांपैकी ४८ टक्के.

थोडक्यात काय, ही साधनं लिव्हरची जागा घेत नाहीत, मुदत मिळवून देतात. तेवढ्यात लिव्हर स्वतः सावरतं, नाहीतर दात्याचं मिळावं लागतं. आणि दाता कुठल्याच कारखान्यात बनत नाही. अवयवदानाबद्दल आज घरी जेवताना विषय काढा. भेटू पुढच्या भागात!