खोडरबर नसलेला हत्ती

लहानपणी आमच्या चित्रकलेच्या तासाला ठरलेली एक फुलदाणी असे. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावी बाजू काढायची आणि मग उजवी तिच्यासारखीच, तंतोतंत. ती उजवी बाजू मला कधी साधली नाही. एके दिवशी खोडता खोडता कागदाला भोक पडले. मास्तरांनी तो कागद साऱ्या वर्गाला दाखवला. त्यानंतर मी पेन्सिल हाती धरली ती केवळ लिहिण्यासाठी.

या फुलदाणीचे कूळ मात्र मोठे आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिथे शिकवण्याची रीत आली ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून : आधी नमुन्यांची नक्कल, मग भूमिती, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन. उद्योगधंद्यांना अचूक हाताचे कारागीर हवे होते. पुढे ग्रेड परीक्षांच्या वाटेने ही शिस्त गावोगावच्या शाळांत पोचली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे आजही घरोघरी माहीत आहेत.

या शिस्तीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. ते काम तयार नजरेवाचून झाले नसते. चूक झाली ती एवढीच की, कारागिरासाठी आखलेली वाट आपण सात वर्षांच्या पोरालाही घालून दिली. तिकडे व्हिएन्नात फ्रांझ चिझेक नावाच्या शिक्षकाने १८९७ सालीच मुलांसाठी वेगळा वर्ग काढला होता. मुलाने मोठ्या माणसाचे चित्र गिरवायचे नाही, आपल्या मनातले काढायचे, ही त्याची रीत. ते वारे आमच्या वर्गापर्यंत पोचले नव्हते.

मला स्वतःला हे उमगले ते मात्र व्हिएन्नामुळे नव्हे, आमच्या राजापूर तालुक्यातल्या कशेळीमुळे. शाळेची सहल घेऊन कनकादित्याचे दर्शन घेतले आणि पुढे सड्यावर गेलो. पायांखालच्या कातळात एक हत्ती कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या अंगात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. हत्तीच्या पोटात मासे आणि जनावरे! परीक्षेत असे चित्र काढले असते तर गुण कापले गेले असते. कोकणातली ही कातळशिल्पे अभ्यासक हजारो वर्षांपूर्वीची मानतात. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांतल्या नऊ ठिकाणांची नोंद झाली. त्यांपैकी सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली.

हत्तीला प्रदक्षिणा घालता घालता सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, त्यांची रेघ चुकली तर ते काय करत असतील? इथे खोडता तर येत नाही."

मला उत्तर सुचले नाही. परतताना गाडीत बसल्यावर आमची आई आठवली. दिवाळीच्या पहाटे ती सारवलेल्या खळ्यात रांगोळी घाली. कधी चिमूट जास्त सुटे, रेघ वाकडी जाई. तिने ती कधी पुसली नाही. त्या वाकड्या रेघेला ती दुसरी रेघ जोडी आणि तिचे पान करी. कातळावरच्या त्या माणसानेही असेच काही केले असेल.

आमच्या शाळेत चित्रकलेचा वेगळा शिक्षक नाही. तो तास माझ्याकडेच आहे. पुढच्या तासाला मी सगळी खोडरबरे गोळा करून टेबलावर ठेवली. पहिली दहा मिनिटे मुले गप्प होती; जणू त्यांचा आधारच काढून घेतला होता. मग एकाच्या गाईला पाच पाय झाले. तो म्हणाला, "सर, ती पळते आहे." वर्ग हसला, आणि सगळ्यांच्या पेन्सिली चालू लागल्या.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत तुमच्या घरी मुले रंगपेटी घेऊन बसतील. 'हे काय काढलंस?' असे त्यांना विचारू नका. 'इथे काय चाललंय?' असे विचारा. मग पाहा किती बोलतात!

त्या दिवशी मुलांबरोबर मीही एक फुलदाणी काढली. उजवी बाजू फुगलीच. तशीच ठेवली.