गुलाबी भिंतीची गोष्ट

मंडळी, जानेवारीच्या लंडनमध्ये कोणी हनिमूनला येतं का? फ्रेंच चित्रकार आंरी मातीस आला होता! ८ जानेवारी १८९८ ला लग्न झालं आणि पिसारो या ज्येष्ठ चित्रकाराच्या सल्ल्यावरून तो नव्या नवरीला, आमेलीला, घेऊन टर्नरची चित्रं बघायला इथे आला. मग फेब्रुवारीत दोघं भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर, आजाक्सियोला गेली आणि चांगले काही महिने राहिली.

मातीस तेव्हा २८ वर्षांचा. वाढला उत्तर फ्रान्समध्ये, म्हणजे आपल्यासारखंच डोक्यावर ढगाळ आभाळ. वडील बी-बियाण्याचे व्यापारी. पोराने कायद्याची परीक्षा दिली, वकिलाच्या ऑफिसात कारकुनी केली. अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला तेव्हा आईने रंगांची पेटी आणून दिली, आणि वकिली गेली ती गेलीच. तरी १८९६ साली सरकारने त्याचं एक चित्र विकत घेतलं होतं. म्हणजे आमच्या आयटीच्या भाषेत 'परमनंट' व्हायची वेळ आली होती. त्याच सभ्य, मातकट रंगांत रंगवत राहिला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

कॉर्सिकात त्याने ते सोडलं. ऑलिव्हची झाडं, जुनी गिरणी, सूर्यास्त अशी पन्नासएक छोटी चित्रं त्याने तिथे केली. रंगांचे जाड थर, भराभर मारलेले फटकारे. एव्हनपूल हा त्याचा बेल्जियन मित्र ती पाहून हबकलाच. हे वेड्या माणसाचं काम वाटतं, असं त्याने घरी कळवलं. मातीस आणि मंडळींना 'फोव्ह', म्हणजे रानटी श्वापदं, हे नाव मिळालं १९०५ मध्ये. पुस्तकं तिथून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात सात वर्षं आधीची, या बेटावरची.

त्यातलंच एक चित्र 'गुलाबी भिंत'. विषय काय, तर आजाक्सियोच्या इस्पितळाची मागची बाजू! पुढे ते फ्रँकफर्टच्या हॅरी फुल्ड या ज्यू उद्योगपतीकडे गेलं. १९३७ मध्ये त्यांचा मुलगा जर्मनीतून निसटला. चित्रं मागे राहिली आणि नाझींनी जप्त केली. १९४८ मध्ये हे चित्र सापडलं ते ट्युबिंगेनजवळ, कुर्ट गेर्स्टाइन या एसएस अधिकाऱ्याने दडवलेल्या सामानात. हा तोच गेर्स्टाइन, ज्याने विषारी वायूने चाललेल्या हत्याकांडाची खबर बाहेर पोचवायचा प्रयत्न केला होता आणि १९४५ मध्ये फ्रेंच तुरुंगात मेला.

मग चित्र पॅरिसला, सरकारी संग्रहात. खरा मालक ठरायला २००८ साल उजाडलं. तोवर फुल्डच्या मुलाची मिळकत मृत्युपत्रांमधून एका ब्रिटिश संस्थेकडे आली होती. ही संस्था इस्रायलच्या ॲम्ब्युलन्स सेवेसाठी पैसा उभा करते. चित्र तिच्या हवाली झालं आणि २०१० मध्ये फ्रँकफर्टच्या ज्यू म्युझियमने ते विकत घेतलं. इस्पितळाची भिंत फुल्डांच्या गावी परत पोचली.