फडा आणि राजताड

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. विदर्भात तिलाच फडा म्हणतात. हा फडा शिंदीच्या पानांचा, म्हणजे ताडाच्याच कुळातल्या एका काटेरी झाडाचा असतो, हे पूजा करताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गोंदियाकडे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर शिंदी आपोआप वाढते. तिने फडा दिला, चटई दिली, पहाटेची नीरा दिली. पण दाराशी तिला जागा कोणी दिली नाही.

ती मिळाली तिच्या परदेशी भाऊबंदाला. सिमेंटच्या खांबासारखे गुळगुळीत खोड आणि वर हिरवा तुरा, असा हा राजताड. लोक त्याला बॉटल पाम म्हणतात. तो मूळचा क्युबा बेटाकडचा, आणि त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. १९०० साली त्याच्या प्रजातीला रॉय स्टोन या अमेरिकन सेनापतीचे नाव मिळाले.

ताडांची ही हौस साहेबाची. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८४४ ते १८४८ या काळात ताडांसाठी काचेचा महाल उभारला गेला. आपल्याकडे १७८७ साली कलकत्त्याजवळ सरकारी वनस्पती-उद्यान निघाले, १८६२ साली मुंबईत राणीची बाग खुली झाली. अशा बागांतून परदेशी ताड बंगल्यांच्या फाटकाशी आले आणि तेथून सामान्यांच्या वसाहतींत. १९९९ साली जिल्ह्याचे ठाणे झालेल्या गोंदियाच्या ले-आऊटांतही तोच तोरा दिसतो.

पण वाचकहो, पाहुणा दारात उभा करण्यापूर्वी त्याचा स्वभाव ओळखावा. ताडाला फांद्या नाहीत, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. वीजतारेला लागतो म्हणून शेंडा छाटला की झाड मेलेच. राजताड ६०-७० फूट जातो. त्याची १०-१२ फुटी जड झावळी पिकली की वारा नसतानाही खाली येते. खाली शेजाऱ्याचे अंगण असले, की तंटा ठरलेला! १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात परवानगीवाचून झाड तोडताही येत नाही. हा प्रश्न केवळ शेजारधर्माचा नव्हे. २०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका स्त्रीवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा प्राण गेला.

म्हणून ताड लावूच नये असे नाही. पिंपळासारखी त्याची मुळे भिंत फोडत नाहीत, हा त्याचा मोठाच गुण. मात्र त्याला भिंतीपासून, तारांपासून आणि शेजाऱ्याच्या छपरापासून दूर, मोकळी जागा हवी; पिकली झावळी वेळीच उतरवणारा जाणता माणूस हवा. सावलीची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. वैशाखातल्या गोंदियाला ती कडुनिंबच देईल.

आणि यंदा फड्याला कुंकू लावताना धुऱ्यावरच्या त्या काटेरी शिंदीचीही आठवण ठेवावी. तिने कधी मान मागितला नाही, पण घरोघरी लक्ष्मी होऊन येते ती तीच.