'योग' ते 'यूजिया' : एका शब्दाचे दोन प्रवास

चिनी भाषा शिकून तेथील योगवर्गात जाऊ पाहणाऱ्या भारतीयाला पहिला शब्द शिकवावा लागत नाही. चिनी लोक योगाला 'यूजिया' म्हणतात. हा आपलाच 'योग' आहे आणि तो तेथे तेराशे वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे.

या शब्दाचा पहिला प्रवास थेट होता. ह्युएन त्संग नालंदेत आचार्य शीलभद्रांपाशी संस्कृत ग्रंथ शिकला. इ. स. ६४५ मध्ये तो स्वदेशी परतला आणि ६४८ पर्यंत त्याने 'योगाचारभूमिशास्त्र' हा १०० गुंडाळ्यांचा ग्रंथ चिनीत आणला. 'योग' हा शब्द मात्र त्याने अनुवादला नाही, ध्वनीनेच लिहिला. त्या काळी त्यातील दुसऱ्या अक्षराचा उच्चार 'ग'च्या जवळचा होता. पुढे चिनी उच्चार बदलत गेला आणि 'ग'चा 'ज' झाला. कोणते शब्द अनुवादू नयेत, याचे पाच नियम परंपरेने त्याच्याच नावावर सांगितले जातात. ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत तो तसाच ठेवावा, हा त्यांतील एक.

हाच प्रवासी आपल्याही प्रदेशात येऊन गेला. त्याच्या वृत्तांतात महाराष्ट्राचे वर्णन आहे आणि राजा म्हणून चालुक्य पुलकेशीचे नाव आहे. त्या घराण्याची राजधानी बदामी. आज ज्या सीमेवर आपण भांडतो, ती त्याला कोठे आढळली नाही.

दुसरा प्रवास विसाव्या शतकातला. आता शब्द आले ते बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने. वर्गात 'शी-छी' म्हणजे श्वास घ्या, 'हू-छी' म्हणजे सोडा. हे शब्द अस्सल चिनी. आसनांच्या नावांत मात्र तिसऱ्या भाषेची छाया दिसते. 'अधोमुख श्वानासन' तेथे केवळ 'खालचा कुत्रा' झाले. मुख वाटेतच गळाले, जसे ते इंग्रजीत गळाले होते. 'ताडासन' तेथे 'पर्वत' आहे. मराठी माणसाला ताड म्हटले की झाड आठवते. परंतु पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी १९६६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ताड म्हणजे पर्वत असा अर्थ दिला, आणि इंग्रजी जगात तोच रूढ झाला. हेच अय्यंगार २०११ साली, वयाच्या ९२व्या वर्षी, स्वतः चीनला जाऊन शिकवून आले.

वकिलीच्या व्यवसायात हा भेद मी रोज पाहतो. मराठी दस्तऐवज इंग्रजीतून फिरून कन्नडमध्ये पोहोचतो, तेव्हा त्यातील 'कूळ' कधी जमीन कसणारा असतो, तर कधी घराणे होऊन बसतो. एका शब्दाच्या चुकीने अशिलाचा हक्क टांगणीला लागतो. दोन्ही भाषा जाणणारा माणूस मध्ये असता, तर हा शब्द तसाच ठेवून त्याने शेजारी खुलासा लिहिला असता.

सीमाभागात असा माणूस दुर्मिळ नाही; तो आपल्या घराघरांत आहे. आपल्या भाषेच्या हक्कासाठी आपण अवश्य झगडावे. पण शेजाऱ्याची भाषा त्याच्याच तोंडून शिकण्याचा ह्युएन त्संगाचा मार्ग सोडू नये. तिसऱ्याच्या हातून आलेल्या निरोपातले काही ना काही वाटेत सांडतेच.