सहकुटुंब मृगया व तींत मुलांचें स्थान

मृगया म्हटली म्हणजे घोडा, हत्ती, भालदार आणि पायांशीं पडलेला वाघ एवढेंच चित्र बहुधा डोळ्यांपुढें उभें राहतें. तवारिखांत व बखरींत शिकारीचे उल्लेख येतात तेही राजाचा पराक्रम सांगण्यासाठीं किंवा मारलेल्या जनावरांची मोजदाद करण्यासाठीं. परंतु रानांत निघणारा समुदाय हा पुष्कळ वेळां एक कुटुंबच असे. त्यांत स्त्रिया असत आणि लहानमोठ्या वयाचीं मुलेंही असत. अशा शिकारीची आंखणी कशी करीत, कोणत्या वयाच्या मुलास कोणतें काम देत आणि त्यास कोठपर्यंत पुढें जाऊं देत, ह्या अंगाकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. त्याच अंगाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आरंभ आम्ही कळमनुरीपासून करितों. कयाधू व पैनगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील हा तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुढें तो परभणी जिल्ह्यांत राहिला व 1 मे 1999 रोजीं झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत आला. जवळच हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. राजेलोकांच्या शिकारीसाठीं हा मुलूख नांवाजलेला नाहीं. आणि म्हणूनच तो आम्हांस सोयीचा वाटतो. काळी सपाट जमीन, मधून मधून माळ व टेंकड्या, नदीकांठचें झुडुपी रान, आणि त्या रानाच्या आधारानें राहणारे आंध व पारधी ह्यांसारखे लोक, असें मराठवाडा-वऱ्हाडाच्या ह्या सीमेचें रूप आहे. सहकुटुंब शिकारीचा सर्वांत जुना नमुना राजवाड्यांत नसून अशा लोकांच्या पालांत आहे, असें आमचें मत आहे.

फासेपारध्यांची शिकार ही मुळांतच एकट्या पुरुषाची नव्हे. हरणांच्या वाटेवर खुंट्या ठोकून फांसांची रांग लावावयाची आणि मग दुसऱ्या बाजूनें जनावर हळूहळू त्या रांगेकडे वळवावयाचें, हें काम चार हातांवांचून होत नाहीं. फांस वळणें व लावणें हें जाणत्यांचें काम. हांकणीस बायका व मुलेंही असत. शिकविलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशानें पांखरांच्या जवळ जाण्याची त्यांची युक्ति प्रसिद्ध आहे. तित्तिराची हांक हुबेहूब काढणें ही विद्या तर लहानपणींच कानांवर पडावी लागते. म्हणजे ज्यास चालतां येतें त्यास पाहण्याचें काम, ज्यास दम धरतां येतो त्यास हांकण्याचें, आणि ज्याच्या हातास अंदाज आला त्यास फांसाचें, अशी ही वयोमानाप्रमाणें विभागणी होते. तिचें कोणी शास्त्र लिहिलें नाहीं, पण ती शास्त्रासारखीच पक्की होती.

ह्याच लोकांची चित्तेवाले पारधी म्हणून एक शाखा असे. चित्ते ज्या झाडावर नखें घांसण्यास येत त्या झाडाभोंवतीं फांस लावून ते त्यांस जिवंत धरीत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शिकारखान्यासाठीं बछडें धरून आणणें सोपें असतांही ते लोक तें पसंत करीत नसत. आईबरोबर रानांत हिंडून जो शिकार शिकला नाहीं, तो चित्ता पुढें कितीही पोसला तरी कामाचा होत नाहीं, असा त्यांचा अनुभव होता. पशूंच्या बाबतींत जें त्यांनीं ओळखिलें तेंच आपल्या मुलांच्या बाबतींत ते आचरीत होते.

आतां ग्रंथांकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या विहारासाठीं राखावयाच्या मृगवनाचें वर्णन आहे. त्यास द्वार एकच असावें, भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं व कांटे नसलेलीं झाडें असावीं, तळीं उथळ असावीं, हरणें माणसाळलेलीं असावीं आणि हिंस्र पशूंचीं नखें व दांत काढलेले असावेत, असें तो सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणीं चोर, साप व श्वापदें ह्यांचें भय व्याधांकडून व कुत्री बाळगणारांकडून आधीं दूर करवून मगच राजानें हलत्या लक्ष्याच्या सरावासाठीं रानांत जावें, असेंही त्यानें म्हटलें आहे. हे नियम राजाच्या जिवासाठीं आहेत हें खरें. तथापि उथळ पाणी, कांटे नसलेलीं झाडें, एकच वाट, ही यादी वाचतांना आम्हांस राजापेक्षां एखाद्या लहान मुलाचीच आठवण होते. ज्यास लेकरांसह रानांत जावयाचें आहे तो आजही ह्याहून वेगळी यादी करणार नाहीं.

मराठवाड्यावर ज्यांचें राज्य होतें त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराच्या नांवावर असलेला, सुमारें 1129 चा, मानसोल्लास हा ग्रंथ ह्या पुढचा टप्पा दाखवितो. राजाच्या विनोदांत त्यानें मृगयेस सविस्तर जागा दिली असून, शिकविलेल्या हरणाकडून रानटी हरणें भुलवून आणण्यापर्यंतचे नाना प्रकार वर्णिले आहेत. कौटिल्यास मृगयेंत व्यायाम व नेमबाजी हे गुण दिसले. सोमेश्वराच्या काळीं ती पाहण्याची वस्तुही झाली होती. जेथें पाहणें आलें तेथें सगळें घर आलें.

मोंगल घराण्यांत मृगया व मुलें ह्यांचा संबंध अधिक जिव्हाळ्याचा दिसतो. जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत आपल्या शिकारीचा हिशेब वयाच्या बाराव्या वर्षापासून मांडतो. पन्नाशीपर्यंतचा आंकडा 28,532 असून त्यांपैकीं 17,167 जीव त्यानें स्वतः मारले होते. नूरजहाननें हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ पाडल्याचें त्यानेंच कौतुकानें लिहिलें आहे. पण ह्याच ग्रंथांत दुसरी बाजूही आहे. आपण आईच्या उदरांत असतां एका शुक्रवारीं हालचाल थांबली, तेव्हां चित्त्याच्या शिकारींत असलेल्या अकबरानें शुक्रवारीं ती शिकार न करण्याचा नवस केला, असें तो सांगतो. पुढें नातू शुजा आजारी पडला तेव्हां, तो बरा झाल्यास आपल्या हातानें जीव मारणार नाहीं, असा संकल्प जहांगीरानेंही केला. हजारो जीव मारणारा हात मुलाच्या जिवाचा प्रश्न येतांच थबकला, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठेशाहीकडे आलें म्हणजे सवाई माधवरावाचें उदाहरण पुढें येतें. 1774 मध्यें जन्मलेला हा पेशवा लहानपणापासूनच गादीचा धनी होता. पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यांतील गेंडा व सिंह ह्यांचीं चित्रें पुण्याचा कारागीर गंगाराम तांबट ह्यानें काढिलीं होतीं. इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या वृत्तांतांत पेशव्याच्या रमण्यांतील, वाद्यांच्या नादावर जवळ येणाऱ्या माणसाळलेल्या काळविटांचें वर्णन आहे. ज्याच्यावर साऱ्या राज्याची भिस्त होती त्या मुलापुढें रानच माणसाळवून आणिलें होतें. कौटिल्याची यादी येथें पूर्णत्वास गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच्या उलट चित्र कोल्हापुरास दिसतें. शाहू छत्रपति (1874–1922) स्वतः कसलेले शिकारी होते, आणि त्यांच्या पदरीं शिकारी चित्तेही होते. राजाराम (जन्म 1897) व शिवाजी (जन्म 1899) ह्या पुत्रांसमोर घोड्याच्या पाठीवरचें हें जीवन लहानपणापासूनच होतें. 1917 मध्यें शिवाजीचा विवाह झाला आणि 1918 च्या जून महिन्यांत रानडुकराच्या मागें लागला असतां घोड्यावरून पडून तो मृत्यु पावला. वय अवघें एकोणीस. त्याची पत्नी इंदुमती हिचें वय तर बारा वर्षांचेंही पुरें नव्हतें. शाहू महाराजांनीं ह्या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथें केली. ह्याच सोनतळीवर त्यांनीं फासेपारध्यांस पहाऱ्याचें काम देऊन विश्वासानें जवळ केलें होतें, आणि ज्या जातींस रोज हजेरी द्यावी लागे त्यांची हजेरी बंद करण्याचा हुकूम ह्याच 1918 सालचा आहे. ह्या गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. एका घरच्या दुःखाच्या वर्षीं त्या घरानें कोणास आसरा दिला, एवढेंच आम्ही नमूद करितों.

ह्या उदाहरणांवरून एक अनुमान काढतां येतें. लहान मुलाच्या रक्षणाचा विचार सर्वांनींच केला: कोणी रानास कुंपण घातलें, कोणी श्वापद माणसाळविलें, कोणी नवस केला. परंतु मूल वाढून तरुण झालें म्हणजे राजकुलांत तो विचार संपे, आणि धाडस हाच गुण मानला जाई. पारध्यांच्या पालांत मात्र जाणत्यासही रांगेंतली आपली जागा सोडतां येत नसे. कारण तेथें शिकार ही कीर्तीसाठीं नसून संध्याकाळच्या चुलीसाठीं होती. विशेष हें कीं, ज्यांची शिस्त इतकी उत्तम त्यांच्याच कपाळीं 1871 च्या कायद्यानें गुन्हेगारीचा शिक्का बसला, आणि तो कायदा 1952 मध्यें रद्द होईपर्यंत कायम होता.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें राजाची व पारध्याची, दोघांचीही शिकार थांबली. आणि जीवसृष्टीच्या दृष्टीनें तें इष्टच झालें. चित्ता तर त्यापूर्वींच ह्या देशांतून नाहींसा झाला होता. राजाची मृगया ग्रंथांत, चित्रांत व हिशेबांत उरली आहे. पारध्यांचें ज्ञान मात्र, म्हणजे पायवाटेवरील माग, पांखरांची हांक व दम धरून बसणें, हें वडिलांकडून मुलाकडे तोंडीं जाणारें होतें. तें सांगणारीं माणसें गेलीं कीं तेंही जाणार. कळमनुरीसारख्या ठिकाणच्या इतिहासप्रेमी मंडळींनीं दफ्तरांबरोबर ह्या वृद्धांच्या तोंडची माहितीही वेळींच टिपून ठेवावी, एवढी विनंति करून आम्ही हें टिपण पुरें करितों.